आप्पांशी कोणी काय बोलायचं: खान्देशातल्या एका घराचं प्रकरण

पारोळा आणि अमळनेर यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे घर. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे, काही तपशील फिरवले आहेत आणि माणसं नात्यांनीच सांगितली आहेत. डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू खालावत नेणारा आजार, झालेल्यांच्या कुटुंबांसोबत मी समुपदेशनाचं काम करते. या घरात माझं येणं-जाणं दोनेक वर्षांपासून आहे. लिहायला हेच प्रकरण निवडलं, कारण यातली माणसं भली होती, त्यांना मिळालेला सल्लाही बरोबर होता, आणि तरी पहिले काही महिने सगळं फसत होतं.

मापाडी

आप्पांचं वय ७८. शिक्षण मराठी चौथी. तालुक्याच्या बाजार समितीत त्यांनी उभी हयात मापाडी म्हणून काढली. गाडीवरून गोणी उतरली, काट्यावर चढली की वजन आप्पांनी पुकारायचं आणि अडत्याच्या दिवाणजीने लिहून घ्यायचं. दादर ज्वारीचे दाणे दाताखाली धरून त्यात ओल किती ते सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. शेतकऱ्याचं किलोभर वजनही त्यांनी कधी मारलं नाही, असं गावात अजून सांगतात. हे कौतुक म्हणून लिहीत नाही, पुढे त्याचं काम पडणार आहे.

घरात थोरला मुलगा, सून आणि नातू. मुलगा माळकरी, कापूस आणि दादर पिकवणारा. धाकटा मुलगा पुण्याला कंपनीत. मुलगी शिरपूरकडे दिलेली. मुलांची आई आजार ध्यानात येण्याच्या दोनेक वर्षं आधी वारली होती, त्यामुळे आप्पांचा सुरुवातीचा विसराळूपणा सगळ्यांनी दुःखाच्या खात्यावर टाकला. तेच ते विचारणं, वावरातून परतताना भलत्याच गल्लीत शिरणं, सगळ्याला ‘एकटं पडलं ना माणूस’ एवढंच उत्तर होतं. मुलाला खरी धास्ती बसली ती किराणा दुकानात. एकाच सामानाचे आप्पांनी दोनदा पैसे दिले आणि परत किती यायला हवेत ते त्यांना सांगता येईना. आयुष्यभर तोंडी हिशेब केलेल्या माणसाचा हिशेब चुकला.

धुळ्याला तज्ज्ञांकडे तपासणी झाली. थायरॉइड, बी-१२, मेंदूचा सीटी स्कॅन हे आधी झालं, कारण यातल्या काही गोष्टींमुळे होणारा विसर उपचारांनी कमी होऊ शकतो. स्मृतीची चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी महिना विचारला, आप्पा ‘पौष’ म्हणाले. जानेवारी चालू होता, पौषच होता. डॉक्टरांनी ते बरोबर धरलं, याचं मला फार बरं वाटलं. शाळेवर बेतलेल्या चाचण्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना उगाच नापास करतात. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या कमी शिकलेल्या लोकांसाठी हिंदीत वेगळी चाचणी घडवावी लागली होती. निदान झालं अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, जोडीला जुन्या रक्तदाबामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना झालेली इजा. डोनेपेझिल हे औषध सुरू झालं. त्याने आजार थांबत नाही, काहींना काही काळ थोडा आधार मिळतो, एवढं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

गावात ‘असं आमच्याकडे कुठे असतं, हे शहरातलं दुखणं’ असं बोललं गेलं. देशभरातल्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज नेमकं उलटं सांगतो: साठीपुढच्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे.

मोबाइलवर आलेला सल्ला

निदानाच्या रात्रीच धाकट्या मुलाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक यादी टाकली. वाद घालू नका. चूक दाखवू नका. ‘आठवतं का?’ असं विचारू नका. समोर बसा, डोळ्यांत बघून बोला, हातावर हात ठेवा. लहान वाक्यं बोला. ते म्हणतील त्याला होकार द्या आणि लक्ष दुसरीकडे वळवा.

यादीत चुकीचं काही नाही. यातलं बरंचसं मीही सांगते. अडचण अशी की ही यादी एका माणसाला उद्देशून लिहिलेली असते. काळजी घेणारी एक व्यक्ती आहे, तिला रुग्णाशी हवं ते, हवं तसं बोलायची मुभा आहे, असं त्यात धरून चाललेलं असतं. या घरात दिवसाचे बारा-चौदा तास आप्पांच्या आसपास असणारी व्यक्ती म्हणजे सून. आणि लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी ती सासऱ्यांशी सरळ एक वाक्य बोललेली नव्हती.

त्यांच्यात वैर नव्हतं, ती रीत होती. डोक्यावर पदर, नजर खाली आणि बोलणं नातवाच्या मार्फत. आप्पा शेजारी बसलेले असले तरी ती नातवाला म्हणणार, ‘आजोबांना म्हण, जेवायला चला.’ आप्पाही नातवालाच सांगणार, ‘तुन्ही मायले सांग, थांब जरा.’ धडधाकट माणसाला यात काहीच अडत नाही. पण अल्झायमरमध्ये आपल्याशी कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय हे पकडायलाच सगळं बळ लागतं. नातवाकडे बघून, तिसऱ्याबद्दल म्हटलेलं वाक्य आप्पांपर्यंत पोचतच नव्हतं. ताट वाढून अर्धा तास झाला तरी ते उठत नसत आणि घरात समज पक्की होत होती की आता त्यांना काही कळतच नाही.

अशा सुनेला ‘डोळ्यांत बघून बोला’ हा सल्ला द्यायचा म्हणजे तिने काय करायचं? तिने खरंच एकदा करून पाहिलं. समोर बसली, पदर थोडा मागे घेतला, वर बघून बोलली. आप्पा गडबडले, मान फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या मनातल्या जगात परकी बाई समोर येऊन बसली होती. सुनेला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि ती पुन्हा नातवामार्फत बोलू लागली.

ओट्यावर, शेजारी

मी घरात जाऊ लागले तेव्हा पहिलं पाहिलं ते कान. आप्पांच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. तालुक्याच्या कानाच्या डॉक्टरांनी थेंब देऊन, नंतर साफ करून दिला. फरक घरातल्या सगळ्यांना दिसला. याचं श्रेय कोणत्याही समुपदेशनाला नाही. डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या ऐकण्याची, चष्म्याची, कवळीची तपासणी आधी करा, मग बोलायच्या पद्धतीकडे वळा.

दुसरा अडसर कूलर. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत खान्देशातल्या घरात तो गुरगुरत असतो आणि आपल्याला त्याचा आवाज ऐकूही येईनासा होतो. आप्पांना मात्र त्या घरघरीतून माणसाचा शब्द वेगळा काढता येत नव्हता. बोलायचं असेल तेव्हा कूलर बंद करायचा, निदान त्यांची खाट त्याच्यापासून लांब सरकवायची, एवढं ठरलं. टीव्हीचं तेच.

मग सुनेचा प्रश्न. समोर बसायला सांगतात त्यामागचं कारण साधं आहे: बोलणाऱ्याचा चेहरा, ओठ, हावभाव दिसावेत आणि मागून अचानक आवाज आल्याने माणूस दचकू नये. हे दुसऱ्या रीतीनेही साधतं. ओट्यावर आप्पा बसत, तिथेच एका अंगाला ती बसू लागली, मध्ये दादरचं सूप. तोंड उजेडाकडे. येताना समोरून यायचं, आधी ओळख द्यायची आणि मग सरळ त्यांनाच बोलायचं. ओळख कशी द्यायची यावर बराच खल झाला. तिचं नाव आप्पांनी कधी घेतलेलं नव्हतं, त्या नावाने त्यांना काही बोध होणार नव्हता. शेवटी ठरलं, नातवाचं नाव घेऊन ‘त्याची माय शे मी, आप्पा’. नातवाचं नाव त्यांच्या मनात पक्कं होतं, त्याला धरून तीही जागेवर बसली.

आणि बोलायचं खान्देशच्या बोलीत, अहिराणीत. सून शिकलेली, मुलाशी शाळेच्या मराठीत बोलायची सवय झालेली. उतरत्या वयात मेंदू खंगू लागतो तेव्हा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते, लहानपणची बरीच टिकते, हे एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्या रुग्णांत वारंवार दिसतं. ‘जेवण वाढलंय, चला’ याला आप्पा नुसते बघत. ‘आप्पा, भाकर खाई ल्या’ म्हटलं की हात धुवायला उठत. एका वेळी एकच गोष्ट, हेही तिने आपणच शोधलं. भरीत का शेवभाजी, असं विचारलं की ते गोंधळत. दोन्ही वाट्या समोर धरल्या की बोट दाखवत.

पहिल्यांदा ती सरळ बोलली त्या दिवशी थोरला मुलगा घरात होता. त्याला ते रुचलं नाही. सासऱ्याशी असं तोंडातोंडी? मी त्याला एवढंच विचारलं की मग दिवसभर आप्पांशी बोलणार कोण, तुम्ही वावरातून येऊन बोलता का? तो गप्प बसला. पटलं असं म्हणता येणार नाही.

‘तुन्ही माय कोठे शे?’

हा प्रश्न आप्पा मुलाला रोज विचारत. मुलाने सुरुवातीला खरं सांगितलं: ती गेली आप्पा, दोन वर्षं झाली. आप्पांना ती बातमी दर वेळी नवीच. कपाळ बडवून घेत, आपल्याला कोणी कळवलं का नाही म्हणून मुलावर संतापत. थोड्या वेळाने बातमी विसरली जाई, पण रडवेलेपण संध्याकाळपर्यंत अंगावर राही, जेवण नको, पाणी नको. हे नुसतं माझं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर झालेल्यांना दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं हे त्यांना थोड्याच वेळात धड आठवेना, मनावर उमटलेला भाव मात्र मागे टिकून होता.

मुलाने खरं बोलावं यालाही एक इतिहास आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत असंच शिकवलं जाई की विसरणाऱ्या माणसाला वार, तारीख, जागा, खरी परिस्थिती सतत सांगत राहा. त्याच सुमाराला नेओमी फाईल या बाई वृद्धांसोबत काम करता करता उलट दिशेला गेल्या. १९६३ पासून पुढे त्यांनी मांडलेली पद्धत असं सांगते की तारखेच्या मागे लागू नका, माणसाला जे वाटतंय ते मान्य करा. आज मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक याद्यांत या दुसऱ्या विचाराची पातळ केलेली आवृत्ती असते: होकार द्या, वेळ मारून न्या.

धाकट्याने तेच सुचवलं. ‘सांगा, आई माहेरी गेलीय.’ सांगितलं. आप्पा भडकले. न विचारता कशी गेली? ही काय रीत झाली? टोपी घातली, काठी घेतली आणि तिला आणायला सासुरवाडीच्या वाटेने निघाले. भर दुपारी फाट्यापर्यंत गेलेल्या आप्पांना गावातल्या पोरांनी परत आणलं. खोट्याचं एक असतं, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुढे चालू राहतं. आप्पांसारख्या मानी नवऱ्याच्या डोक्यात ‘माहेरी गेली’ कुठे जाईल, हे पुण्यात बसून कळणं शक्य नव्हतं.

नंतर आम्ही तो प्रश्न कधी येतो याकडे लक्ष दिलं. बहुतेकदा दिवेलागणीला, जेवणाच्या आधी. ती वाढत असे, हे ताटावर बसत. तेव्हाचं विचारणं भुकेचं होतं. त्या वेळी ‘माय’चं काय झालं याची चर्चाच नको, सुनेने ताट आणून ठेवायचं, त्यावर सासूबाई करत तशी कळण्याची भाकर आणि ठेचा, आणि म्हणायचं, ‘आईंनी शिकवली तशीच केलीय, खाऊन बघा.’ यात खोटं काही नाही, ती शिकलेली त्यांच्याकडूनच होती. रात्री जाग आल्यावर तोच प्रश्न आला की मुलाने खाटेवर जाऊन बसायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि माय कशी होती ते बोलायचं. हा सल्ला मुलासाठी होता. सासऱ्याच्या पाठीवर सुनेने हात ठेवणं या घरात बसणारं नव्हतं, आणि ते बसवण्याचा अट्टहास मला करायचाही नव्हता.

एकदा मात्र आप्पांनी मुलाला शांतपणे, नीट तोंडाकडे बघून विचारलं, ‘ती मरी गयी का रे?’ मुलाने हो म्हटलं. आप्पा बराच वेळ त्याचा हात धरून बसले. इतक्या स्वच्छपणे विचारणाऱ्याला खरंच सांगायला हवं, असं माझं मत आहे. ‘कधीही सांगू नका’ हा नियम मला ‘नेहमी सांगा’ इतकाच आंधळा वाटतो.

खिशातले पैसे

तोलाईचे पैसे रोज बंडीच्या खिशात येत, ते चाचपत झोपायची आप्पांची जुनी सवय. आता खिशात काही नसे. ‘मन्हा पैसा कोठे गयात?’ आणि मग बोट सुनेकडे. ओट्यावर, चार शेजारणींसमोर: हिनेच घेतले.

यादीत या जागी लिहिलेलं होतं, ‘मनाला लावून घेऊ नका.’ मी हे वाक्य सुनेला सांगितलं नाही. सतरा वर्षं एका घरात राबलेल्या बाईवर गल्लीत चोरीचा आळ येतो, आणि तिने मनाला लावून घेऊ नये? तिने जे बोलावं असं याद्या सांगतात, ‘चला आपण दोघं शोधू’, तेही तिच्या तोंडी उलटं पडलं. तिला पैसे सापडले की आप्पांना पुरावाच मिळे: ठेवले तिनेच, म्हणून सापडले तिला.

इथे वाक्य बदलून भागत नव्हतं, बोलणारा बदलावा लागला. मुलाने दोन गोष्टी केल्या. पहिली, शेजारच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं की आप्पांना मेंदूचा आजार आहे, ते काय म्हणतात ते आजाराचं आहे, माझ्या बायकोबद्दल कोणी कुजबुजलं तर मला चालणार नाही. या घरात नवरा बायकोसाठी असं बोलायला दारोदार गेला, हीच मोठी गोष्ट. दुसरी, आप्पांपुढे पैशांची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली: ‘पैसा मन्हाजवळ शेत, आप्पा, हिशेब सकाय देस.’ आणि बंडीच्या खिशात रोज दहाच्या चार-पाच नोटा आणि थोडी चिल्लर ठेवू लागला. खिसा चाचपला की काहीतरी हाताला लागे. आळ पूर्ण थांबला नाही, कमी झाला. आळ येई तेव्हा सून आत निघून जाई आणि उत्तर मुलगा किंवा नातू देई.

सुनेचं काय होत होतं हे विचारायला सुरुवातीला कोणाला सुचलं नाही. रात्री बोलायला माणूस हवा म्हणून मी तिला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला होता. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिने तो वापरला, असं बऱ्याच महिन्यांनी सहज बोलताना सांगितलं. काय बोलली ते मी विचारलं नाही.

‘गाड्या उन्यात’

ऊन कलायला लागलं की आप्पांची चलबिचल सुरू होई. ‘गाड्या उन्यात, माले काटावर जानं शे.’ गाड्या आल्यात, काट्यावर जायचंय. डिमेन्शियात सांजवेळची ही अस्वस्थता पुष्कळांना होते. थकवा, कमी होत जाणारा उजेड, शरीराच्या घड्याळाचा बिघाड अशी कारणं सांगतात. दिवे लवकर लावणं, दुपारची झोप आटोपशीर ठेवणं, चहा कमी करणं याचा थोडा उपयोग झाला.

मुलगा समजावे: आप्पा, तुम्ही निवृत्त झालात, आता काटा इलेक्ट्रॉनिक झाला, तुमचं काम नाही तिथे. प्रत्येक शब्द खरा आणि प्रत्येक शब्द लागणारा. नातू म्हणे, चला टीव्ही बघू. शेतकरी गाड्या घेऊन खोळंबलेत आणि हा पोरगा टीव्ही बघायला बोलावतोय, असं आप्पांना वाटत असणार.

मग गावातले एक जुने हमाल आठवले. आप्पांच्या काट्यावर त्यांनी वर्षानुवर्षं गोणी उचललेल्या. ते एका संध्याकाळी आले, ओट्यावर टेकले. आप्पांनी गाड्यांचं काढलं. हमालबुवांनी विडी काढता काढता सांगितलं, ‘आज लिलाव बंद शे आप्पा. सकाय जासूत.’ आप्पा म्हणाले, ‘मंग ठीक शे,’ आणि बसले. एवढंच. हेच वाक्य मुलाने आधी म्हणून पाहिलेलं होतं आणि आप्पांनी त्याला उडवून लावलं होतं: तुले काय कळस बाजारमधलं? बाजाराची बातमी बाजारातल्या माणसाकडूनच यायला हवी होती.

माळकरी मुलाला खोटं बोलायचं नव्हतं, त्याचं ओझंही यात सुटलं. हमालबुवांचं वाक्य खोटं नव्हतंच, संध्याकाळी लिलाव बंदच असतो. ते रोज येऊ शकत नसत तेव्हा फोनवरून स्पीकरवर तेवढं सांगत. काही दिवस त्यानेही भागत नसे. मग मुलाने आप्पांना घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचं, रस्त्यावर गाड्या नाहीत हे त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि परत यायचं.

नातवालाही एक काम मिळालं. तो जुन्या वहीत काटापट्टी, म्हणजे वजनांची नोंद, लिहायला बसे आणि आप्पा वजनं पुकारत. आकडे मनाला येतील ते, पण पुकारायचा सूर तोच, कमावलेला. शिकून हाताला, तोंडाला बसलेल्या गोष्टी घटनांच्या आठवणींपेक्षा पुष्कळ उशिरा जातात. सुपातल्या दादरचा दाणा ते अजून दाताखाली धरतात. ओल आहे का, ते सांगतात. बरोबर असतं का, हे मुलाने तपासलं नाही, आणि बरं केलं.

मधल्या काळात धाकट्याने आप्पांना पुण्याला नेलं. हेतू चांगला, वहिनीला विसावा मिळावा. पण तिथे ओटा नाही, ओळखीचा आवाज नाही, संडासाचं दार रात्री सापडेना, आणि अहिराणीत बोलणारा फक्त तोच, तोही दिवसभर कामावर. ठरल्याच्या आधीच परत आणावं लागलं.

आखाजीनंतर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली. आप्पांनी तिला वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती आत जाऊन रडली, मग बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली आणि ‘मी तुमची आंडेर’, तुमची लेक, असं एकदाच, हळू म्हणाली. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, बहिणीच्या लहानपणच्या झोक्याच्या गोष्टी सांगत राहिले. तिने ऐकल्या. त्यातल्या काही तिला ठाऊकच नव्हत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात पारा ४४च्या पुढे गेला आणि आप्पा दीड-दोन दिवसांत एकदम बदलले. दिवसा ग्लानी, रात्री ताडकन उठणं, भिंतीवर मुंग्या दिसणं, धोतर ओढणं. बोलण्याला शेंडा-बुडखा नाही. घरच्यांना वाटलं आजार पुढच्या पायरीवर गेला. पुण्याहून निरोप आला, वाद घालू नका, होकार द्या.

फोनवर हे ऐकल्यावर मी विचारलं, लघवी कधी झाली? कोणाला सांगता येईना. आप्पांना तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. मूत्राशय तुंबलेलं होतं, अंगातलं पाणी कमी झालेलं होतं आणि लघवीत जंतुसंसर्ग होता. आदल्या आठवड्यात नाक वाहतं म्हणून मेडिकलवरून आणलेली सर्दीची गोळी चालू होती. अशा बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. म्हाताऱ्या माणसात, त्यातून प्रोस्टेट वाढलेलं असताना, त्याने लघवी अडू शकते आणि भ्रमही होऊ शकतो. नळी घातली, सलाईन आणि औषधं दिली, गोळी बंद झाली. आठवडाभरात आप्पा बरेचसे मूळ जागी आले, थोडं गेलं ते गेलं.

अल्झायमरमध्ये माणूस महिन्या-वर्षांनी खालावत जातो. तासा-दोन दिवसांत माणूस पालटला, कधी जागा कधी गुंगीत असा हेलकावू लागला, तर तो बहुधा डेलिरियम, म्हणजे अचानक येणारा भ्रम, असतो आणि त्याच्या मागे शोधून काढण्याजोगं कारण असतं: पाण्याची कमतरता, संसर्ग, औषध, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कुठेतरी पडून लागलेला मार. तिथे कसं बोलावं याचा सल्ला शोधत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. खान्देशच्या उन्हाळ्यात तर आप्पांनी पाणी मागितलं नाही म्हणजे तहान नाही असं धरूच नये. सून आता तासा-दोन तासांनी पेला थेट हातात देते. ‘पाणी हवंय का?’ विचारलं तर उत्तर ‘नको’च येतं.

सध्या

आप्पांचं बोलणं कमी झालं आहे. वाक्यं अर्धी सुटतात, गाड्यांचा विषय क्वचित निघतो. हमालबुवा येतात, दोघं ओट्यावर बसतात, फारसं बोलत नाहीत. सून त्यांच्याशी सरळ बोलते, यात आता कोणाला वावगं वाटत नाही. मुलाला थोडं वाटत असावं. अंघोळीचं काम मुलाकडे आहे आणि ते अजून कठीणच जातं. दाढी करायला येणाऱ्या दादांनी ‘दाढी झाली, आता आंग धुई ल्या’ म्हटलं की त्या दिवशी सोपं जातं. मुलगी महिन्यातून दोन-तीन दिवस येऊन राहते, त्या दिवसांत सून माहेरी जाऊन येते.

नातू यंदा दहावीला आहे. जूनमध्ये अकरावीला जळगावला राहायला जाईल. संध्याकाळी काटापट्टी घेऊन कोणी बसायचं यावर घरात बोलणं चालू आहे. धाकट्याने व्हिडिओ कॉलवर बसायची तयारी दाखवली; आप्पांना पडद्यावरचा माणूस कळत नाही, म्हणून ते मागे पडलं. शेजारचा सातवीतला पोरगा चालेल का, असं मुलाने हमालबुवांना विचारलं आहे. सुनेने आपलं नाव सुचवलेलं नाही, आणि या वेळी ते कोणी गृहीतही धरलेलं नाही.